तुम्ही विचारलंत म्हणून: माळढोकाच्या हद्दीतली मी, पक्ष्यांच्या बेटाला वर्गणी का देते?

गावाकडून फोन आला की हा प्रश्न ठरलेला. इथे इंग्लंडात न्यूकॅसलच्या मराठी मंडळींतही तो येतो, फक्त जरा साखर लावून: "तुमची जमीन माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यात अडकली होती ना हो? मग तुम्हीच पक्षीसंस्थेच्या सभासद कशा?" आजवर हसून विषय बदलला. आता एकदाच लिहून काढते, म्हणजे पुढच्या वेळी वाचायला देता येईल.

न्यूकॅसलच्या उत्तरेकडल्या ॲम्बलच्या बंदरातून कोकिट हे पक्ष्यांचं बेट समोर दिसतं, दीडेक किलोमीटरवर. होडी बेटाला फेरी मारून परत आणते. उतरू देत नाहीत, कोणालाच नाही. रोझिएट टर्न या पक्ष्याची ब्रिटनमधली म्हणावी अशी वसाहत एवढीच उरली आहे. त्यांच्या घरट्यांसाठी लाकडी खोकी मांडून ठेवलेली असतात आणि अंडी चोरणाऱ्यांवर विणीच्या दिवसांत रात्रंदिवस पहारा असतो. आणखी वर फार्न बेटं. तिथे उतरता येतं, पण आखलेल्या वाटेवरूनच. पफिन या समुद्रपक्ष्याची बिळं मऊ मातीत असतात, भलतीकडे पाऊल पडलं तर खाली पिल्लू गाडलं जातं. आर्क्टिक टर्न टाळक्यात चोच मारतात, टोपी नसेल तर रक्त येतं. 2022 मध्ये बर्ड फ्लू आला, फार्नवर सहा हजारांहून जास्त मेलेले पक्षी गोळा करावे लागले आणि बेटं बंद झाली. मुख्य बेट लोकांसाठी उघडायला 2024 उजाडलं. मी तेव्हाही वर्गणी भरत होते. भरली तर कोणाच्या बापाचं काय गेलं?

बापाचंच गेलं होतं, असं तुमचं म्हणणं. मान्य. म्हणून नानांचं सांगते.

नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. एका जूनमध्ये आले. (बाकीचे पाहुणे ऑगस्टमध्ये येतात, पफिन तोवर समुद्रात निघून गेलेले असतात, आणि मीच त्यांना हाकलल्यासारखं माझ्याकडे बघतात.) नानांना कोकिटच्या होडीत बसवलं. एक पफिन अगदी जवळून गेला, चोचीत चंदेरी मासे आडवे धरलेले, दोन्ही बाजूंनी शेपट्या लोंबत होत्या. नानांनी मान वळवून तो बेटावर उतरेपर्यंत पाहिला. मग विचारलं, "ह्या बेटाचा मालक कोन?"

"ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलँड. 1970 पासून आरएसपीबी नावाची पक्ष्यांची संस्था सांभाळते."

"म्हंजी सरदाराचं. आन् शेत कुनाचं हुतं हितं?"

"कोणाचंच नाही. दीपगृहाची माणसं राहायची, तेही 1990 पासून आपोआप चालतं."

"मग झालं की. ज्याचं काय जात न्हाई त्यानं पक्षी पाळावा."

मी वाद घालायला तोंड उघडलं, तर ते इसारावर आले. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोसायटीचं कर्ज फेडायला दोन एकर विकायला काढली होती, एवढं मला ठाऊक होतं. गिऱ्हाईक गावातलंच. इसार घेतला, तो लगेच सोसायटीत भरला. खरेदीच्या दिवशी कचेरीत सांगितलं, जमीन माळढोक अभयारण्याच्या हद्दीत आहे, परवानगीशिवाय दस्त होणार नाही. 1979 ची ती हद्द 8,496 चौरस किलोमीटरची. त्यात माळ होते तसे उभे पिकाचे मळे, गावठाणं आणि एसटी स्टँडसुद्धा होते. परवानगी काही आली नाही. गिऱ्हाईक इसार मागायला दारात येऊन बसायला लागलं. तो कसा परत केला, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"माजी बैलजोडी गेली त्यात," नाना म्हणाले. "त्या साली पेरनी दुसऱ्याच्या बैलानं केली."

"आण्णा कधी बोलले नाहीत."

"बोलायचं काय त्यात? तेवढं ते पाखरू तरी दिसायचं हुतं एकदा. त्येबी न्हाई."

होडीवाला सीलबद्दल सांगत होता. मी उगाच तिकडे बघत राहिले.

कॉलेजात 'माळढोक हवा की माणूस' या विषयावर बोलून मी वक्तृत्वाचा करंडक आणला होता. त्या मुलीशी मी आजही भांडते. बाई गं, पक्ष्याने आण्णांचं काय घेतलं? कागदावर हद्द काढून मोकळं होणाऱ्यांनी घेतलं. आणि पक्ष्याचं कोणी घेतलं? पाणी आलं, माळ नांगरले, ऊस लागला. त्यात आपणही होतो. पुढे हद्द कमी करून सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणली. तोवर सोलापूरजवळच्या नान्नजला, म्हणजे ऐन अभयारण्यात, माळढोक दिसला तर पेपरात बातमी यायची. ती मुलगी ऐकून घेते आणि म्हणते, हे सगळं पगार चालू झाल्यावर सुचलं का?

इथे कोणाचं काही गेलं नाही, असं मी जे ठोकून देते, तेही पुरतं खरं नाही. कोकिटसमोरच्या किनाऱ्यावर हॉक्सलीचं तळं आहे, जरा दक्षिणेला लेडीबर्न. हिवाळ्यात बदकांनी भरतात, काठाला निवारे बांधलेत. त्या मुळात उघड्या कोळसा खाणी. कोळसा संपल्यावर पाणी भरून तळी केली. जवळचं रॅडक्लिफ हे खाणकामगारांचं गाव सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अशाच खाणीसाठी पाडलं आणि माणसं ॲम्बलमध्ये नेऊन बसवली. गाव उठलं ते कोळशापायी, पक्षी नंतर आले, हा माझा बचाव. नानांना तो पटला नाही. "उठलं न्हवं गाव?" एवढंच म्हणाले, आणि निवाऱ्यात बसून थर्मासातला चहा प्यायले.

तर का देते वर्गणी? कारण हा पहारा एक उन्हाळा ढिला पडला तर अंडी जातील, आणि पहाऱ्याला पैसे लागतात. नान्नजला वेळेवर पैसे आणि अक्कल दोन्ही मिळाली असती तर, असंही मनात येतं. पण ती अक्कल आमचे दोन एकर अडकवून यायची होती का, हे मला आजही सांगता येत नाही.

निघताना मी नानांना बैलजोडीचे पैसे देऊ केले. घेतले नाहीत. म्हणाले, "तुज्या त्या पक्ष्यांच्या लोकांकडनं वसूल कर." चेष्टा होती की नव्हती, मला अजून ठरवता आलेलं नाही. वर्गणी तूर्त चालू आहे.