तुम्ही विचारलंत म्हणून: तळवा दाबल्याने यकृत सुधारतं का?

"पायाच्या तळव्यावर सगळ्या शरीराचा नकाशा असतो म्हणतात. इथे दाबलं की यकृत सुधारतं, तिथे दाबलं की सायनस मोकळं होतं. हे खरं का? आणि खरं नसेल, तर दाबून घेतल्यावर एवढं बरं का वाटतं?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो, कधी विश्वासाने तर कधी संशयाने. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

नकाशा खरा नाही. बरं वाटणं मात्र अगदी खरं आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर मालीश काय आणि रिफ्लेक्सॉलॉजी (म्हणजे या नकाशानुसार तळवे दाबण्याची पद्धत) काय, दोन्हींचा छान उपयोग करून घेता येतो. त्यांची गल्लत झाली की कुणीतरी चालू औषध सोडून तळवे दाबत बसतं, आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते.

आधी नकाशाचं बघू. तो फार प्राचीन असल्याचं सांगितलं जातं, पण आज भिंतीवर दिसणारा तक्ता जेमतेम शंभर वर्षांचा आहे. अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झगेराल्ड यांनी शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले. एका पट्ट्यात कुठेही दाब दिला की त्याच पट्ट्यातली दुसरीकडची वेदना कमी होते, असं त्यांचं म्हणणं होतं. यावरचं त्यांचं पुस्तक १९१७ साली आलं. पुढे १९३०च्या दशकात युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी ही कल्पना पायांवर आणली आणि तळव्यावर एकेका अवयवाची जागा ठरवून दिली. अंगठा म्हणजे डोकं, चवडा म्हणजे छाती, कमान म्हणजे पोट, टाच म्हणजे ओटीपोट, पायाची आतली कड म्हणजे पाठीचा कणा. यकृत उजव्या पायावर, हृदय डाव्या.

शरीररचनेत याला आधार सापडत नाही. तळव्याच्या संवेदना घोट्यामागून पोटरीत, तिथून मांडीच्या मागच्या मोठ्या नसेत आणि मग मणक्यात जातात. वाटेत यकृताकडे किंवा फुप्फुसाकडे जाणारा फाटा नाही. वेगवेगळ्या संस्थांचे तक्ते शेजारी ठेवले तर एकाच अवयवाची जागा बदललेली दिसते. अनुभवी रिफ्लेक्सॉलॉजिस्टना माणसाचा आजार न सांगता फक्त पाय तपासायला दिले, अशी एक चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. तळव्यावरून आजार ओळखता आले नाहीतच, पण तपासणाऱ्यांची आपसातली मतंही जुळली नाहीत. २००९ साली १८ नियंत्रित चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही कोणत्याही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजी परिणामकारक असल्याचा पटण्यासारखा पुरावा मिळाला नाही.

"पण दाबलं तेव्हा नेमकं तिथेच दुखलं हो!" हे पुढचं वाक्य ठरलेलं असतं. तळव्यात छोट्या स्नायूंचे चार थर आहेत, त्यांच्यावर टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला जाड तंतुमय पट्टा आहे आणि हे सगळं दिवसभर अंगाचा भार पेलतं. कमानीच्या मध्यावर अंगठा रोवला तर बहुतेकांना कळ येते. ती कळ पायाची आहे, मूत्रपिंडाची नाही. बोटाखाली लागणारी कचकच म्हणजे साठलेले खडे, हाही असाच समज. तिथे कंडरा असतात, तंतुमय पट्टा असतो, टाचेखालच्या चरबीच्या गादीतले पडदे असतात. ते फोडायचे नसतात.

मग बरं का वाटतं? याचं उत्तर मला नकाशापेक्षा कितीतरी सुंदर वाटतं. केस असलेल्या त्वचेत अतिशय मंद गतीने संदेश नेणारे काही मज्जातंतू आहेत. ते हळुवार, सावकाश स्पर्शाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. त्यांना मानवणारा वेग सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर, म्हणजे प्रेमाने पाठीवरून हात फिरवताना आपोआप येतो तोच. त्यांचा संदेश मेंदूच्या भावनांशी निगडित भागापर्यंत पोचतो. गंमत अशी की तळव्यांवर हे तंतू फारच विरळ असतात. तिथे अलगद स्पर्श केला की गुदगुल्या होतात आणि ठाम, पसरट दाब सुखावतो. पोटरीवर हात सावकाश फिरवायचा आणि तळव्यावर दाब ठाम ठेवायचा, यामागचं कारण हेच. शिवाय अर्धा तास न हलता पडून राहणं, श्वास संथ होणं, दुसऱ्या माणसाचं पूर्ण लक्ष आपल्याकडे असणं, हेही थोडकं नाही. झोप लागत नाही, मान आखडली आहे, मोठ्या आजाराच्या उपचारांत मन सैरभैर झालं आहे, अशा वेळी या आरामाला मोल आहे. "पूरक" या शब्दाचा अर्थ एवढाच: मूळ उपचार चालू ठेवून सोबतीला.

मालीशच्या बाबतीतही दावे मोजकेच करावेत. कंबरदुखीत थोड्या काळापुरता आराम मिळतो, महिनोन्महिने टिकेल असा भरवसा देता येत नाही. व्यायामानंतरची रग थोडी कमी होते, पण ती लॅक्टिक ॲसिड "निघून गेल्यामुळे" नाही. ते व्यायाम थांबल्यावर तासाभरात शरीर स्वतःच निस्तरतं. विषारी द्रव्यं बाहेर पडतात हेही खरं नाही, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं अखंड करत असतात. पाय बुडवल्यावर पाणी तांबडं-तपकिरी करणारी यंत्रं बघितली असतील. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की आतल्या लोखंडी पट्ट्या गंजतात आणि त्या गंजाचा रंग पाण्याला येतो. पाय न बुडवता यंत्र चालवून बघा, पाणी तसंच होतं.

आता हाताने करायचं कसं ते सांगते. घरच्या माणसाचे पाय दाबायचे असतील तर पंचवीस-तीस मिनिटं पुरतात, एका पायाला दहा-बारा मिनिटं. नखं इतकी कापलेली हवीत की तळहाताच्या बाजूने बघताना बोटांपलीकडे दिसू नयेत. पाय कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांतही नीट कोरडे करावेत. समोरचा माणूस आडवा किंवा टेकून, गुडघ्यांखाली उशी. गुडघा हवेत राहिला तर तो तुमच्या दाबाने मागे ताणला जातो आणि पाय सैल सुटतच नाही. तुम्ही खाली बसावं, पाय साधारण तुमच्या पोटाच्या उंचीवर यावा, खांदे कानांकडे चढू देऊ नयेत.

सुरुवातीला काहीच करायचं नाही. दोन्ही तळहात दोन्ही पायांवर अर्धा मिनिट नुसते ठेवायचे. घाईघाईने रगडायला लागलं की पाय आक्रसतो आणि पुढची पाच मिनिटं तो सैल करण्यात जातात. मग एक पाय घेऊन घोटा सावकाश गोल फिरवायचा, टाच तळहातात धरून, दोन्ही दिशांना पाच-पाच वेळा. त्यानंतर रिफ्लेक्सॉलॉजीतली मला सर्वांत आवडणारी पद्धत, अंगठ्याची चाल. एका हाताने पायाची बोटं किंचित मागे धरून तळवा ताणायचा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं टोकाकडचं पेर वाकवायचं, पुन्हा थोडं सरळ करायचं, आणि दर वेळी दोन-तीन मिलिमीटरच पुढे सरकायचं, सुरवंटासारखं. टाचेपासून बोटांकडे पाच-सहा समांतर रेषांत सगळा तळवा पालथा घालायचा. हे कोरड्या हाताने करावं, कारण तेल लावलं की अंगठा घसरतो आणि दाब एका जागी ठरत नाही. नकाशा मानायची गरज नाही, पण या चालीत तळव्याचा एकही भाग सुटत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

मग तेल. दोन्ही पायांना मिळून एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर. ते आधी आपल्या तळहातावर कोमट करून घ्यावं. दोन्ही अंगठे तळव्याच्या मध्यावरून कडांकडे सरकवायचे, बंद मुठीच्या मधल्या सांध्यांनी कमानीवरून टाचेकडे सावकाश यायचं, मग एकेक बोट मुळाशी धरून हलकेच फिरवत टोकाकडे ओढायचं. बोटं मोडायची नाहीत. शेवटी घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत पूर्ण तळहाताने लांब हात न्यायचे. वर जाताना दाब, कारण रक्त त्याच दिशेने हृदयाकडे परततं, आणि खाली येताना हात नुसता टेकलेला. हे अंतर साधारण ४० सेंटीमीटर, ते जायला दहा सेकंद लागू द्या. बहुतेक जण दोन सेकंदांत उरकतात, आणि मालीश फसतं ते बहुधा इथेच.

दाब किती? शून्य ते दहा अशी दुखण्याची मोजपट्टी धरली तर चार-पाचच्या वर जाऊ नये. "जितकं दुखेल तितकं चांगलं" हा समज मला अजिबात मान्य नाही. दाबाने माणूस श्वास रोखतो, मूठ आवळतो, बोटं वाकवतो, म्हणजे स्नायू बचावाला उभे राहिलेत. दुसऱ्या दिवशी हलकी रग ठीक आहे, निळे डाग ठीक नाहीत. अतिजोराच्या मालीशने स्नायूंचं नुकसान होऊन मूत्रपिंडांवर ताण आल्याची उदाहरणं विरळ असली तरी नोंदवलेली आहेत.

करणाऱ्याच्या हातांबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. ताकद अंगठ्यातून काढली की तो मुळाशी असलेल्या सांध्यात झिजतो, आणि रोज मालीश करणाऱ्यांचं हे ठरलेलं दुखणं आहे. मनगट सरळ ठेवून अंगाचा भार पुढे झुकवावा, मोठ्या स्नायूंसाठी मूठ किंवा कोपराखालचा हात वापरावा. मालीशचं टेबल असेल तर हात खाली सोडून उभं राहिल्यावर बोटांचे सांधे जिथे टेकतील तेवढीच त्याची उंची हवी.

तेलात सुगंधी अर्क घालायचा असेल तर ३० मिलिलिटरला सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. जास्त घातल्याने आराम वाढत नाही, पुरळ मात्र उठू शकतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबावं. सुक्यामेव्याची ॲलर्जी असणाऱ्याला बदामाचं तेल लावू नये.

हात कधी लावायचा नाही, हे माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. एकाच पायाची पोटरी सुजली आहे, गरम लागते, दुखते, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, लांबच्या प्रवासानंतर किंवा खूप दिवस अंथरुणात काढल्यावर, तर मालीश नाही, थेट डॉक्टर. आतल्या शिरेत गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. नेमकी अशीच पोटरी "चोळून द्या" म्हणून पुढे केली जाते. ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम, ताजं फ्रॅक्चर असेल तर थांबायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर दाब अगदी हलका. फुगलेल्या निळ्या शिरांवर थेट दाब नको. कॅन्सरच्या गाठीवर किंवा किरणोत्सर्ग दिलेल्या त्वचेवर हात नको. बाकी शरीराला हलका स्पर्श चालतो का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. गरोदरपणाच्या उत्तरार्धात उताणं झोपवू नये, गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते. कुशीवर झोपवून, दोन गुडघ्यांमध्ये उशी द्यावी.

मधुमेहाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण पायाची जळजळ आणि मुंग्या यांसाठी हेच लोक सगळ्यांत जास्त येतात. तळव्याची संवेदना कमी झालेली असेल तर "दाब बरोबर आहे का?" या प्रश्नाला त्यांचं उत्तर भरवशाचं नसतं. त्यांना खरंच कळत नाही. म्हणून पाय त्यांच्याऐवजी आपण डोळ्यांनी तपासायचे: बेचक्यात भेग आहे का, फोड आहे का, टाचेवर काळपट डाग आहे का. पाण्याचा गरमपणा त्यांच्या पायाने नाही, आपल्या कोपराने बघायचा. घट्ट्यावर जोर देऊ नये, खाली जखम दडलेली असू शकते.

मानेच्या पुढच्या बाजूला कुणालाही दाबू देऊ नका, तिथल्या रक्तवाहिनीवर दाब आला तर नाडी मंदावून भोवळ येऊ शकते. मान झटक्याने मोडणं हे मालीशचं कामच नाही. गुडघ्यामागची खळगी, काख आणि जांघ इथे नसा-रक्तवाहिन्या उघड्यावर असतात, तिथून हात हलका न्यावा.

बाहेर कुणाकडे जाणार असाल तर एवढं बघा: हात लावण्याआधी ते तुमचे आजार, औषधं, शस्त्रक्रिया विचारतात का. न विचारता सुरू करणाऱ्याकडून उठून यावं. तळवा बघून निदान सांगणारा, अमुक बैठकांत आजार जाईल म्हणणारा, गोळ्या बंद करायला सुचवणारा, कितीही हात चांगला असला तरी नको.

संपल्यावर दोन मिनिटं पडू द्यावं, मग कुशीवर वळून सावकाश उठवावं. उभं करण्याआधी तळव्याचं तेल आवर्जून पुसावं, गुळगुळीत फरशीवर वयस्क माणूस तेवढ्यानेच घसरतो. तेलकट टॉवेल गरम पाणी आणि साबणाने लगेच धुवावेत. तेल मुरलेले टॉवेल गरम ड्रायरमधून काढून तसेच घडी करून रचले, तर आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात. म्हणून ते पसरून गार होऊ द्यावेत, घड्या त्यानंतर.