वीणा खाली ठेवायची नाही

शिवरात्र झाली की आमच्या भागात पारायणांचा हंगाम सुरू होतो. मळण्या उरकलेल्या असतात, भात घरात येऊन पडलेलं असतं, पेरणीला अजून अवकाश असतो. बेळगावहून उचगावकडे जा, बेळगुंदीकडे जा नाहीतर खानापूर तालुक्यात शिरा, कुठल्या ना कुठल्या गावाच्या वेशीवर भगव्या पताका आणि ज्ञानेश्वरी पारायणाचा फ्लेक्स दिसणारच. एका गावात काला होतो तोवर शेजारच्या गावात पोथी बसते. कीर्तनकारांच्या तारखा तर दिवाळीलाच संपलेल्या असतात.

आमच्या गावचं पारायण तीन दिवसांचं. खरी सुरुवात होते ती महिनाभर आधी, देवळातल्या बैठकीत. घरटी किती वर्गणी, तांदूळ किती, गूळ किती, जागराला कुठल्या गावचं भजनी मंडळ बोलवायचं, हे तासाभरात ठरतं. वेळ खाते ती पत्रिका. नाव कुणाचं वर, कुणाचं खाली, यावरून आमच्याकडे भाऊबंदकी नव्यानं जन्माला येते. छापून आली की प्रत्येकजण आधी स्वतःचं नाव शोधतो आणि मग कीर्तनकार कोण ते बघतो. मीही बघतो. ज्या ग्रंथासाठी हे सगळं चाललंय तो अहंकार सोडायला सांगतो, हे त्या बैठकीत कुणी बोलून दाखवत नाही, आणि तेच बरं.

नऊ हजारांवर ओव्या तीन दिवसांत संपवायच्या म्हणजे वाचनाला गती लागते. पहाटे काकडा, मग सकाळी वाचक ओळीनं बसतात. समोर पाट, पाटावर पोथी. बायकांची संख्या नेहमीच जास्त. व्यासपीठावरचे महाराज ओवी उचलतात आणि साठ-सत्तर आवाज मागोमाग निघतात. पहिल्या तासात सूर जुळत नाही, कुणी पुढे पळतं, कुणी ओवीतच अडकून बसतं. नंतर कधीतरी सगळे एका चालीवर येतात. शके 1212 सालची मराठी, निम्म्या वाचकांना निम्मे शब्द कळत नाहीत. पण एकदा ती चाल लागली की शेजारच्या रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रॅक्टर टेप लावून गेला तरी मान वर होत नाही.

लहानपणी आमचं काम वाचकांना पाणी द्यायचं. हातात कळशी आणि पेला घेऊन ओळींतून फिरायचं. दुसऱ्या ओळीत भिंतीकडेला एक आज्जी बसायची. नवरा ऐन उमेदीत गेलेला, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, पदरात दोन पोरी. तिला अक्षर येत नव्हतं. तरी तिच्यासमोर पाट असायचा, पोथी असायची, हळदकुंकू वाहिलेलं असायचं. शेजारीण पान उलटायची, की ही उलटायची. आम्हा पोरांना त्याची गंमत वाटायची. एकदा मी पाणी देताना विचारलंच, ''आज्जी, कुठवर वाचलीस?''

''वाचुलोय कुठं गा मी? ऐकुलोय.'' पेला परत देत ती म्हणाली, ''हितं बसलं की डोक्यातला गलका कमी होतोय.''

मोठेपणी मी वाचक म्हणून बसायला लागलो तेव्हा ती माझ्या पुढच्या ओळीत होती. डोळे मिटलेले, हात पोथीवर. आता तिची शेजारीण बदलली होती, नवीन सून होती कुणाची तरी, वाचताना चाचरायची. पान संपत आलं की आज्जीचा अंगठा कोपऱ्याशी जायचा आणि तिचं पान सुनेच्या आधी उलटायचं. बरोबर जागी.

दुपारनंतरचं फारसं सांगत नाही. प्रवचन, हरिपाठ, रात्री नऊला कीर्तन, सगळीकडे असतं तसंच. कीर्तनकार चांगला असला तर मंडप भरतो, विनोदी असला तर मंडपाबाहेरही माणसं उभी राहतात. मला आठवते ती कीर्तनानंतरची रात्र. परगावचं मंडळ टेंपोतून उतरतं, चहा होतो आणि जागर सुरू होतो. देवळामागं चुलाणावर काहील चढलेली असते, कांडलेले गहू शिजत असतात. आमच्याकडे काल्याच्या प्रसादाला गव्हाची खीरच लागते. शेजारचे कानडी लोक तिलाच हुग्गी म्हणतात आणि आमच्याइतकीच मागून घेतात. रात्रभर चार गडी पाळीपाळीनं ती खीर ढवळत असतात, आणि गावातल्या बऱ्याचशा भांडणांचा निकाल त्या काहिलीभोवती लागतो.

आणि समोर, पोथीपाशी, वीणा असते. पोथी बसल्यापासून काला होईपर्यंत वीणा जमिनीला टेकवायची नाही. गळ्यात घालून उभं राहायचं, तोंडी 'रामकृष्ण हरी'. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात, त्याची यादी खांबावर चिकटवलेली. पहारा बदलताना नवा माणूस येतो, वीणेच्या पाया पडतो, पट्टा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो, तार वाजायची थांबत नाही. मग दोघं एकमेकांच्या पायांना हात लावतात. दहावीतला पोरगा आणि सत्तरीतला म्हातारा, दोघंही वाकतात. जमीन कुणाला किती, कुणाचं घर कुठल्या गल्लीत, हे गावाला बाराही महिने पाठ असतं. तेवढ्या वाकण्यापुरतं ते कुणाच्या डोक्यात नसतं.

दोन ते चारचा पहारा कुणाला नको असतो. आमच्या गावात तो हवालदारमामांचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात, त्यामुळं आमच्या भागात गल्लीत एखादा तरी फौजी निघतोच. मामा त्यातलेच. नोकरी संपवून गावी आले, घर बांधलं, म्हैस घेतली, पण झोप काही सोबत आली नाही. रात्री एकला जाग यायची आणि पहाटेपर्यंत सोप्यात नुसत्या येरझाऱ्या. मामी वैतागायची. बेळगावात डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. एका पारायणात दोनच्या पहाऱ्याचा माणूस आला नाही, तेव्हा कुणीतरी म्हणालं, हवालदार जागेच असतील, बोलवा त्यांना. तेव्हापासून तो पहारा त्यांच्या नावावर.

कॉलेजात असताना एका रात्री मी त्यांच्यासोबत टाळ धरून उभा राहिलो. जागरवाले चहाला गेलेले, मंडपात चार-दोन म्हातारी घोंगडी पांघरून पडलेली. मी दबक्या आवाजात विचारलं, ''मामा, कंटाळा येत नाही?''

त्यांनी नाम थांबवलं नाही. पाळी बदलल्यावर काहिलीजवळ शेकत बसलो तेव्हा उत्तर दिलं. ''तिकडं रात्री जागायचो ते कोण तरी येईल म्हणून. हितं कोण येणार गा? आला तर पांडुरंग येईल. येऊ दे की.''

एवढं बोलून त्यांनी चहा मागवला. तीन रात्रींनी त्यांची झोप सुधारली असं मी म्हणणार नाही. सुधारली नव्हतीच. पण पुढं ते रोज रात्री जाग आली की येरझाऱ्यांऐवजी देवघरासमोर बसून नाम घ्यायला लागले, आणि गोळ्या हळूहळू सुटल्या, असं मामी सांगते. मला स्वतःला पारायणामुळं संकट टळलेलं कधी दिसलं नाही. कर्जं राहिली, पिकं गेली, माणसं गेली. गेलेल्याचं दुःख घेऊन माणूस त्या ओळीत बसायला यायचा आणि तीन दिवसांनी तेच दुःख घेऊन उठायचा, फक्त आता त्याला घरी जाऊन जेवावंसं वाटायचं. श्रद्धेकडून मी याहून जास्त काही मागत नाही.

सीमाभागातल्या भांडणांचं सावट पारायणावर पडत नाही असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. फलक कुठल्या भाषेत लावायचा, परवानगी कधी मिळणार, हे दरवर्षीचं आहे. पण आमच्या मंडळाचा पखवाजवाला घरी कानडी बोलतो आणि त्याच्याशिवाय काकडा उठत नाही. एका कीर्तनकारानं ओघात संत पुरंदरदासांची आठवण काढली होती, त्यांच्या कानडी पदांची नाममुद्राच 'पुरंदर विठ्ठल'. पखवाजवाल्यानं तिथल्या तिथं एक पद म्हटलं. मंडपाला शब्द कळले नाहीत, विठ्ठल तेवढा कळला, आणि टाळ्या बऱ्याच पडल्या.

2019 च्या ऑगस्टमध्ये मार्कंडेय नदीच्या पाण्यानं काठची शिवारं धुऊन नेली. भात गेलं, ऊस आडवा झाला. त्या वर्षी वर्गणी निम्मी ठेवा म्हणून बैठकीत ठरलं, आणि तरी लोकांनी पूर्ण दिली. पारायण चैत्रात धरलं होतं. पत्रिका वाटून झाल्या आणि मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला. देऊळ बंद. मग ठरलं की ज्यानं त्यानं घरी वाचायचं, वेळ मात्र तीच. सकाळी गल्लीतून गेलं की दारादारांतून ओव्या ऐकू यायच्या, पण व्यासपीठ नसल्यामुळं कुणाचा मेळ कुणाला नाही. एका घरात नववा अध्याय, पलीकडे बारावा, आणि आमच्या चुलत्यांच्या घरात दुसऱ्या दिवशीसुद्धा सहावाच. अठराव्याच्या अठराशेवर ओव्यांशी काही घरं पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत झुंजत होती. आज्जीच्या घरी वाचणारं कुणी नव्हतं. शेजारची सून मधल्या भिंतीला पाट लावून मोठ्यानं वाचायची, एवढं मला माहीत आहे.

पारायण पुन्हा उभं राहिलं तेव्हा गर्दी आधीपेक्षा वाढलेली होती. पुण्याला आणि बेंगळूरला गेलेली पोरं रजा काढून येतात आता. यातली बरीचशी इंग्रजी शाळेत शिकलेली, ओवी वाचताना अडखळतात, पण पहाऱ्याला तयार. गेल्या खेपेला खांबावरची यादी बघायला गेलो तर दोन ते चारच्या रकान्यात तीन नावं, तिन्ही पोरांची. हवालदारमामा यादीसमोर चष्मा नाकावर ओढून उभे होते.

''माझी ड्युटी कुणी काढली?''

पोरं गप्प. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, ''मामा, वय झालं तुमचं. गुडघे दुखतात म्हणता, विश्रांती घ्या.''

''गुडघे दुखुलेत, मी कुठं दुखुलोय?'' मामांनी खिशातून पेन काढलं आणि तिन्ही नावांच्या वर स्वतःचं नाव घातलं. पोरांकडे वळून म्हणाले, ''तुम्ही टाळ धरा. आणि मोबाइल घरात ठेवून यायचा.''