तुझ्या घरी की बाबाच्या?

रविवार, रात्रीचे साडेअकरा

संध्याकाळी सहाला पिल्लू परत आला. सँडल दारात, दप्तर सोफ्यावर, आणि पाणी पिता पिता विचारलं, "आई, या दिवाळीत किल्ला तुझ्या घरी करायचा की बाबाच्या?"

मी कणीक मळत होते. "बघू" म्हटलं. तो टीव्हीपुढे जाऊन बसलासुद्धा. माझे हात परातीत तसेच.

किल्ल्याचं काही नाही. 'तुझ्या घरी' हे अडकून बसलंय. आधी 'आपल्या घरी' म्हणायचा. शेवटचं कधी म्हणाला ते मघापासून आठवतेय. गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये "आपला मजला आला" म्हणाला होता, पण ते काही मोजायचं नाही. कदाचित कधीचाच 'तुझ्या' म्हणत असेल आणि मी आज ऐकलं.

वाईट वाटलं. खूप वाटलं. डबा मी करते, रात्री तापाला उशाशी मी बसते, पालकसभेला मी, नखं मी कापते. त्याची उंची पेन्सिलने लिहिलेली भिंत या घरात आहे. आणि घर माझं एकटीचं? तिकडे महिन्यातले चार दिवस. अंगण, आजी, जास्वंदीचं झाड. तिकडे रागवायला कोणी नसतं. (हे खरं नाही. आजी रागवतात.)

तो झोपल्यावर फाइल काढली. शिवाजीनगर कोर्टातले आमचे घटस्फोटाचे कागद. "अर्जदार क्र. २ हे दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी १० वाजता अज्ञान मुलास अर्जदार क्र. १ यांच्या निवासस्थानाहून घेऊन जातील व रविवारी सायंकाळी ६ वाजता त्याच ठिकाणी परत आणून सोडतील." म्हणजे 'तुझ्या घरी' हे आम्हीच लिहून दिलंय. पान पान वाचून सही केली होती मी. पोषणखर्चाच्या आकड्यावर तीन दिवस अडून बसले होते. पण मुलाचं घर कोणतं, ते एकाही कलमात नाही, आणि तेव्हा ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

अर्ज केला तेव्हा तो साडेचार वर्षांचा होता. वकीलबाई म्हणाल्या होत्या, १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच ठेवतात, ताब्याची काळजी करू नका. तेव्हा केवढं हायसं वाटलं होतं! आज तो शब्द टोचतोय. ताबा फ्लॅटचा घेतात, जमिनीचा घेतात. आणि 'अज्ञान' म्हणजे काय, तर अठराच्या आतला. त्याला सगळं कळतं. दोन्ही घरांत कोणती चड्डी राहिली, कोणतं पुस्तक राहिलं, सगळं त्याच्या डोक्यात असतं.

घटस्फोटाच्या अर्जानंतर मधले सहा महिने थांबायची सक्ती नाही, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तसं म्हटलंय, त्या मुदतीची माफी मागता येते, हेही बाईंनी सांगितलं होतं. आम्ही दोघांनीही मागितली नाही. त्या सहा महिन्यांबद्दल आज नको.

कागदाप्रमाणे यंदा दिवाळीच्या सुट्टीचा पहिला भाग माझा, पाडव्यापासून बाबाचा. गेल्या वर्षी उलटं होतं. तेव्हा किल्ला अंगणात झाला. चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी या दोघांनी त्यावर हळीव पेरलं आणि पाडव्याला सकाळी पिल्लू इकडे आला. बुरुजावर उभा करायचा एक मावळा खिशात तसाच राहिला होता, भाल्याचं टोक उडालेला, पायाला ओली माती. तो खिडकीच्या गजाशी उभा केला आणि दिवसभर एकच, "उगवलं का विचार ना." मी विचारलं नाही. आम्ही वेळेपलीकडे काही बोलत नव्हतो तेव्हा. रात्री नऊला फोटो आपणहून आला. अंधारात टॉर्च धरून काढलेला, काळ्या मातीवर पांढरे बारीक देठ आणि वर हिरवे ठिपके. पिल्लू फोन हातात धरूनच झोपला.

यंदा किल्ला इथे व्हावा असं मला फार वाटत होतं. गॅलरीत, तिसऱ्या मजल्यावर. मातीची पोती कुठे मिळतात तेही विचारून ठेवलं होतं. पण गॅलरी तीन फुटांची. दगड, विटा, चिखल, मित्रांची ये-जा... किल्ला अंगणातलाच.

आणि तो 'बाबाच्या घरी' म्हणतोय, हेही मगाशी मी ऐकलं नव्हतं. तिकडचंही 'आपलं' नाही. हे कळल्यावर आधी बरं वाटलं, आणि मग पोटात तुटलं.

वकीलबाई म्हणाल्या होत्या, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलाबद्दलचा आदेश पुढे बदलून मागता येतो. कोर्टात कशाला जायचं एवढ्यासाठी. मेसेज लिहिला, खोडला, परत लिहिला. "किल्ला अंगणातच होऊ दे. सुट्टी लागली की दिवसा तिकडे येईल, सातला मी न्यायला येईन. अभ्यंगस्नान माझ्याकडे."

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "चालेल. हळीव या वेळी आधीच पेरू."

पेरू. कोणी कोणी, ते लिहिलेलं नाही. मी विचारलंही नाही. उद्या डब्याला भेंडी चिरून ठेवायची राहिली आहे.