तुम्ही विचारलंत म्हणून : रक्तदात्याला हेल्मेट द्यावं का?

दहीहंडी, गणपती जवळ आले की मंडळांची शिबिरं ठरतात आणि हा प्रश्न येतोच. हेल्मेट, डबा, बॅग असं काही हातात ठेवलं तर ते दान राहतं का?

आमच्या मते राहतं. पैसे देऊन रक्त घेणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं. चहा-बिस्किटं, लहानशी आठवण, येण्याजाण्याचं भाडं याला जागतिक आरोग्य संघटनेचीही हरकत नाही.

घोळ होतो तो फॉर्म भरताना. वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ हवं, हे मोजून कळतं. पण वर्षभरात गोंदवून घेतलं का, कावीळ झाली होती का, मागचं रक्तदान कधी केलं (पुरुषांना ९० दिवसांचं अंतर लागतं, स्त्रियांना १२०), हे दाता सांगेल तेवढंच कळतं. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया यांसाठी चाचणी होते खरी, तरी अगदी ताजा संसर्ग तिच्यातून निसटू शकतो. तिथे रुग्णाला वाचवतं ते दात्याचं खरं उत्तर. आणि खरं बोललं की हेल्मेट जाणार असेल, तर गेल्या महिन्यातलं रक्तदान आठवत नाही.

म्हणून वस्तू पिशवीसाठी नको, येण्यासाठी द्या. नोंदणी आणि डॉक्टरांची तपासणी झालेल्या प्रत्येकाला तीच वस्तू, परत पाठवलेल्यालाही. शंभर पिशव्यांची अपेक्षा असेल तर शंभरच वस्तू आणून भागणार नाही; हिमोग्लोबिन कमी भरल्यामुळेच बरेच जण परत जातात, विशेषतः स्त्रिया. नुसत्या वस्तूसाठी येणारे चारदोन निघतील, निघू देत. वस्तू स्वस्त ठेवली की ते आपोआप कमी होतात. फ्लेक्सवर तिचा फोटो मात्र नको. कुकरचा फोटो मोठा आणि 'रक्तदान' बारीक, असे फ्लेक्स लागतातच!

भेटवस्तूंनी दाते वाढतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण अमेरिकेत ओहायोमधल्या रेडक्रॉस शिबिरांच्या अभ्यासात हेही दिसलं, की वाढलेल्यांपैकी बरेच जण शेजारच्या शिबिरांतून इकडे वळलेले होते. शेजारच्या गल्लीतलं मंडळ त्याच आठवड्यात शिबिर घेत असेल तर तुमच्या हेल्मेटनं रक्त वाढत नाही, फक्त जागा बदलते.

हेल्मेटचा खर्च रक्तपेढीकडे मागू नका. तो फिरून रुग्णाच्या प्रक्रिया शुल्कावर येण्याची भीती असते, आणि मग जी पेढी जास्त देते तिलाच शिबिर मिळतं. विचारायचं असेल तर घटक वेगळे करण्याची सोय आहे का आणि या आठवड्यात किती पिशव्या खपतील, हे विचारा. प्लेटलेट ५ दिवस टिकतात, लाल पेशी ३५ ते ४२ दिवस. सणाला एकाच दिवशी तीनशे पिशव्या जमवल्या, तरी मे महिन्यात कॉलेजं बंद असताना जो तुटवडा पडतो त्याला त्यातली एकही उरत नाही. हेल्मेटचं बजेट हाताशी असेल तर मेमधल्या रविवारी पन्नास जणांचं शिबिर घ्या, सकाळी आठला, ऊन चढायच्या आत. पोह्यांचा नाश्ता आणि रिक्षाभाडं त्या पैशांत बसतं.