तुम्ही विचारलंत म्हणून: सशाचं रडणं

साताऱ्याला आलो की पंगतीत कुणीतरी विचारतंच, “काय डॉक्टर, तिकडं कोल्हे मारता म्हणे? तेही आवाज काढून बोलावता?” विचारणारी मावशी असली तर पाठोपाठ “शोभतं का हे डॉक्टरला?” हेही येतं. आजवर हसून वेळ मारून नेली. आता नीट सांगतो.

मी अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या सँडहिल्समध्ये राहतो. व्हिसाच्या अटीपायी तीन वर्षं खेड्यातल्या इस्पितळात काढायला आलो आणि राहून गेलो. वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर गवत, पवनचक्क्या आणि गाई. माणसं मोजकी.

पहिली गोष्ट, तो कोल्हा नाही, कोयोटी. आपल्या कोल्ह्याहून जरा थोराड, दहा-पंधरा किलोचा, लांडग्यापुढे मात्र पोरच. इथले गुरंवाले ‘कायोट’ म्हणतात. ‘कायोटी’ म्हटलं की हा शहरातला, हे ओळखतात. 1819-20 च्या हिवाळ्यात एका सरकारी मोहिमेचा तळ ओमाहा शहराच्या वरच्या अंगाला मिसुरी नदीकाठी पडला होता. तिथे निसर्गशास्त्रज्ञ थॉमस से याने याची नोंद केली आणि 1823 मध्ये ‘कॅनिस लाट्रान्स’ हे नाव छापून आलं. म्हणजे भुंकणारा कुत्रा. संध्याकाळी दोघंच सूर लावतात, पण वाटतं दहा-बारा तरी असावेत. पहिल्या वर्षी ती कोल्हेकुई ऐकून मला आजोळची आठवण झाली होती, हे कबूल करतो.

दुसरी गोष्ट, बंदूक माझी नाही. ती शेजाऱ्याची. सत्तरी ओलांडलेला माणूस, तीनेकशे गाई. त्याचे दात गेले, कवळी आली, पिपाणी वाजवता येईना, म्हणून मी लागलो.

पिपाणीच म्हणतो, कारण ती तशीच असते: बोटाएवढी नळी आणि टोकाला प्लॅस्टिकची पातळ पट्टी. पट्टी ओठांनी कुठे दाबता त्यावर आवाज ठरतो. टोकाशी दाबली तर बारीक चिरका, मागे घेतली तर भसाडा. काढायचा असतो जखमी सशाचा आक्रोश. सुरुवातीला माझा ससा अगदी लग्नातल्या सनईवाल्यासारखा सुरात रडायचा. शेजारी म्हणाला, “ससा मरतोय, गात नाहीये.” सूर सोडायला मला अख्खा महिना लागला.

लहानपणी गावाकडे फासेपारधी तोंडाने तित्तराची साद घालायचे आणि तित्तर फाशाकडे चालत यायचा. तिथे तित्तर दुसऱ्या तित्तराशी भांडायला येतो. इथे येणारा भुकेपायी येतो, दुसऱ्याचं दुखणं ऐकून. आठवडाभर कण्हणं ऐकण्याचा पगार घ्यायचा आणि शनिवारी पहाटे तेच आपण काढायचं, हे मला अजूनही विचित्र वाटतं. मावशीचा प्रश्न बहुधा इथेच कुठेतरी आहे.

वाजवणं मात्र त्यातला सोपा भाग. खरी गोष्ट वारा. गाडी टेकडीआड लावायची, दार आपटायचं नाही, पाठ कुंपणाच्या खांबाला टेकवून बसायचं, पोटात ऊब नसली तरी हलायचं नाही. अर्धा-पाऊण मिनिट वाजवून गप्प राहायचं, मग पुन्हा. असं पंधरा-वीस मिनिटं. आधी मॅगपाय पक्षी येतात चौकशीला. कोयोटी सरळ येईलच असं नाही. बऱ्याच वेळा तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूला जातो आणि तिथून नाकाने खात्री करून घेतो. एकदा मला सर्दी होती म्हणून रुमालावर निलगिरीचे थेंब टाकले होते. सशाला निलगिरीचा वास कुठून येणार? कोयोटी जागच्या जागी वळला आणि दिसेनासा झाला. शेजारी आठवडाभर बोलला नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याच वर्षीची पोरं एकटी भटकत असतात, ती पटकन फसतात. जानेवारी-फेब्रुवारीत जोड्या जमतात, तेव्हा सशापेक्षा कोल्हेकुईला उत्तर मिळतं. एप्रिल-मेमध्ये बिळात पिल्लं असतात; तेव्हा पिल्लाचं विव्हळणं काढलं की आई धावत येते. ते मी काढत नाही. शेजाऱ्यालाही सांगून टाकलंय.

आता कशाला मारायचे? हिवाळ्याच्या शेवटी गाई वितात आणि कधीकधी नुकतं जन्मलेलं वासरू जातं. कधीकधीच. एरवी उंदीर, ससे, नाकतोडे, रानप्लम. कोल्हा काकडीला राजी, ते इथेही खरंच. आणि मारून ते संपतात असंही नाही. सरकारचं एक खातं देशभरात वर्षाला साठेक हजार कोयोटी मारतं, तरी हवाई सोडून सगळ्या राज्यांत ते पोचलेत. लांडगे आपणच संपवले, रान मोकळं झालं, हे शिरले. एक जोडी मारली की तिच्या हद्दीत दुसरी येते. कातड्याचा धंदाही बसला. कॅनडातल्या एका बड्या कोटवाल्या कंपनीने 2021 मध्ये फर विकत घेणं थांबवायचं ठरवलं, तेव्हापासून तर फारच.

कोण जास्त मारतो याच्या स्पर्धा होतात, त्यांना मी जात नाही. व्हरमाँटने 2018 मध्ये, न्यू मेक्सिकोने 2019 मध्ये त्या बंद केल्या, मला ते पटतं. भारतात तर वन्यजीव कायद्यामुळे हा प्रश्नच नाही.

किती मारले? सहा हिवाळ्यांत अकरा, सगळे शेजाऱ्याच्या गोळीने.

गेल्या फेब्रुवारीत बारावा व्हायचा होता. दोन मिनिटांत दोघं आले, नर-मादी, साठ पावलांवर. मी तोंडाने ‘हुफ्’ केलं, ते थबकले. बंदूक काठ्यांवर टेकलेली, पण आवाज होईना. बघतो तर शेजारी बोटांना फुंकर घालत बसलेला. जोडी निवांत उतारावरून गेली.

“ओळखीची आहेत,” तो म्हणाला. “चार वर्षं माझ्या गाईंमधून फिरतात, एका वासराला तोंड लावलं नाही. यांना मारलं तर यांच्या जागी कोण येईल, मला काय माहीत?”

मग थर्मास काढला आणि मला म्हणाला, आज ससा बरा रडला.