मुलं लहान असताना कर्ज फेडलंत कसं?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा हळू आवाजात विचारला जातो. विचारणारी कडेवर मूल घेतलेली आई असते, नाहीतर नुकताच बाप झालेला एखादा सहकारी. प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो सहसा कुणी बोलून दाखवत नाही. मुलांचं मन मारावं लागलं का? दोन्हींचं उत्तर एकदा नीट लिहून ठेवते.

मुलांच्या खाऊ-खेळण्यांत काटकसर करून आमचं कर्ज फिटलेलं नाही. मुलं वाढत गेली तसे त्यांचे जे खर्च आपोआप बंद पडत गेले, त्यांतून ते फिटलं. लहान मूल म्हणजे खर्च हे खरंच, पण तो खर्च सारखा बदलत असतो. डायपर बंद होतात. डब्याचं दूध बंद होतं. शाळा सुरू झाली की पाळणाघराचे तास निम्म्यावर येतात. असा एकेक खर्च संपतो तेव्हा घरात दरमहा काही रक्कम सुटते. ती सुटल्याचं कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण महिन्या-दोन महिन्यांत ती घरखर्चात मुरून गेलेली असते. ती मुरायच्या आत पकडायची, हे आमच्या फेडीचं मूळ.

आमच्या डोक्यावर चार प्रकारची देणी होती. घराचं मोठं, लांब मुदतीचं कर्ज. हप्त्यांवर घेतलेली घरातली एक वस्तू. क्रेडिट कार्डाची थकबाकी, जी दुसऱ्या बाळंतपणात काही महिने एकाच पगारावर घर चाललं तेव्हा वाढली. आणि मोठ्या दिरांकडून घेतलेले उसने पैसे. पहिली मुलगी तेव्हा बोलायला लागली होती, धाकटा पाळण्यात होता.

एका रात्री मुलं झोपल्यावर आम्ही दोघांनी एका कागदावर चार रकाने आखले. कुणाचं देणं, किती उरलंय, व्याज किती टक्के, हप्ता कोणत्या तारखेला. ऐकायला सोपं वाटतं, पण तिसरा रकाना भरायला फार वेळ गेला, कारण व्याजाचा दर सांगितला जातो एक आणि पडतो दुसराच. हप्त्यांवरच्या वस्तूचंच घ्या. 100 चं कर्ज, 3 वर्षांची मुदत, ‘सरळ 12 टक्के’ व्याज, म्हणजे एकूण परतफेड 136. हे 12 टक्के शेवटपर्यंत मूळ 100 वर लावले जातात, आपण मात्र दर महिन्याला मुद्दल फेडत असतो. उरलेल्या मुदलावर हिशेब केला तर हाच दर वर्षाला 21 टक्क्यांच्या वर जातो. कर्ज देणाऱ्याला एकच गोष्ट विचारायची: घटत्या शिलकीवर हा दर किती पडतो?

कार्डाचा दर महिन्याच्या भाषेत सांगितला जातो म्हणून तो लहान वाटतो. महिना 3 टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीसच्या पुढे. काहीच भरलं नाही तर दोन वर्षांत रक्कम दुप्पट. आणि बिलावर ‘किमान रक्कम’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो समजा शिलकीच्या 5 टक्के आहे आणि आपण इमानेइतबारे दर महिन्याला तेवढंच भरतोय, तर एकही नवीन खरेदी न करता थकबाकी निम्मी व्हायला 32 महिने लागतात. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ नील स्टुअर्ट यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असं दिसलं, की बिलावर किमान रक्कम छापलेली असली की थोडे थोडे पैसे भरणारी माणसं त्या आकड्याकडे ओढली जातात आणि एरवी भरली असती त्याहून कमी भरतात. आम्ही तो आकडा पाहायचंच सोडून दिलं. आमचा आकडा आम्ही ठरवला आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी तो आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवली.

पण एकही जास्तीचा पैसा कर्जात टाकण्याआधी आम्ही एक महिन्याच्या घरखर्चाइतकी गंगाजळी वेगळ्या खात्यात साठवली. कागदावरचं गणित याच्या विरुद्ध आहे. खात्यात पडलेल्या पैशावर मिळणारं व्याज क्षुल्लक आणि कार्डावर चढणारं अवाढव्य, मग पैसे बाजूला का ठेवायचे? कारण घरात लहान मूल आहे. पाळणाघरात जायला लागलेलं मूल पहिल्या वर्षात कितीदा आजारी पडतं, हे त्यातून गेलेल्यांना सांगायला नको. मूल तापलं की डॉक्टर, औषधं, आईबापांपैकी एकाची बिनपगारी रजा. हातात रोकड नसली की कार्ड पुन्हा बाहेर येतं आणि तीन महिन्यांची फेड एका आठवड्यात पुसली जाते. पैशाचं नुकसान एक वेळ भरून निघेल, पण त्यानंतर माणसाची उमेद जाते ती परत आणणं फार कठीण. म्हणून ज्यांच्या घरात पाच वर्षांखालचं मूल आहे त्यांना मी आग्रहाने सांगते, नवं कर्ज थांबवणं हे जुनं फेडण्याच्या आधीचं काम आहे आणि गंगाजळीशिवाय ते थांबत नाही.

त्याच्याच जोडीने मुदत विमा, म्हणजे ठरलेल्या वर्षांत माणूस गेला तरच घरच्यांना रक्कम देणारा विमा. दोघांपैकी एकाचं काही बरंवाईट झालं तर हप्ते आणि मुलं दोन्ही एकाच्या खांद्यावर येणार. तरुणपणी निव्वळ मुदत विमा तुलनेने स्वस्त असतो. बचत आणि विमा एकत्र बांधलेल्या योजना आम्ही कर्ज असेपर्यंत लांब ठेवल्या.

कोणतं कर्ज आधी फेडायचं यावर लोक हिरीरीने भांडतात. गणित म्हणतं, सर्वांत जास्त व्याजाचं आधी. दुसरा पक्ष म्हणतो, सर्वांत लहान आधी, म्हणजे एक देणं तरी नजरेसमोरून जातं. सिंगापूरमध्ये एका संस्थेने गरीब कुटुंबांची थकलेली देणी एकरकमी फेडून दिली, त्यांच्यावर झालेला अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. रक्कम तेवढीच असली तरी ज्यांची जास्त खाती पूर्ण बंद झाली, त्यांची काळजी जास्त कमी झाली आणि विचारशक्तीच्या चाचण्यांत ते जास्त सुधारले. देण्यांची संख्यासुद्धा डोक्यावरचं ओझं असते, हे मला पटतं, कारण रात्री दोनदा उठणाऱ्या आईच्या डोक्यात चार वेगळ्या तारखा मावत नाहीत. आमच्यापुरतं सांगते. हप्त्यांच्या वस्तूची बाकी थोडीच होती, ती आधी संपवली आणि एक तारीख कमी केली. मग सगळा जोर कार्डावर. दरांत फार तफावत असेल आणि लहान कर्ज मिटायला वर्ष-दीड वर्ष लागणार असेल, तर मात्र गणिताचंच ऐकावं.

दिरांच्या पैशांना व्याज नव्हतं. त्यांनी कधी विषयही काढला नाही, आणि तेच मला जड जात होतं. त्यांच्या घरी नवीन काही घेतलं की आपले पैसे परत गेले असते तर, असं मनात यायचं. आमच्याकडे काही आलं की ते काय म्हणतील असं वाटायचं. म्हणून त्यांना सांगितलं, “दादा, रक्कम लहान आहे, पण दर महिन्याच्या दहा तारखेला येईल.” ती आली. नातेवाइकांचं देणं शेवटी फेडू म्हणून मागे टाकू नका. रक्कम कितीही लहान असू दे, तारीख चुकवू नका.

आता सुटलेल्या पैशाबद्दल, कारण खरी फेड तिथून झाली. मुलीचे रात्रीचे डायपर सुटले त्या महिन्यात आम्ही मागच्या तीन महिन्यांची बिलं काढून पाहिली. दरमहा सरासरी किती जात होते तो आकडा काढला आणि तेवढीच रक्कम त्याच महिन्यापासून कार्डाच्या हप्त्यात वाढवली. दुसऱ्या महिन्यापासून नाही, त्याच महिन्यापासून. घराला त्या रकमेशिवाय जगायची सवय आधीच झालेली होती, त्यामुळे कुणालाच चिमटा बसला नाही. पुढे धाकट्याचं डब्याचं दूध बंद झालं, तीच रीत. मुलगी शाळेत जायला लागली आणि पाळणाघराचं शुल्क उतरलं तेव्हा सर्वांत मोठी उडी घेता आली. पाळणा, ढकलगाडी, लहान झालेले बूट आम्ही विकले किंवा ज्यांना हवे त्यांना दिले, विकल्याचे पैसे तसेच फेडीत गेले. रक्कम फार नव्हती, पण वस्तू घरात पडून राहिल्या असत्या तर तीही मिळाली नसती.

यात एक सावधगिरी लागते. एक खर्च संपतो तसा दुसरा सुरूही होतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण इथे पाय दर वर्षी वाढताहेत. शाळेचं शुल्क, गणवेश, पुस्तकं वर्षातून एकदाच येतात आणि म्हणूनच घात करतात. आम्ही पुढच्या दोन वर्षांत येणारे असे मोठे खर्च लिहून काढले, प्रत्येकाला बाराने भागलं आणि तेवढं दरमहा बाजूला टाकलं. हे वजा जाऊन जे उरलं तेवढंच सुटलेलं मानलं.

मुलांचं मन मारलं का, हेही तुम्हाला विचारायचं असतं. पाळणाघराचं शुल्क उतरलं तेव्हा त्यातला एक वाटा मुलीच्या पोहण्याच्या वर्गाला दिला, कारण ती दोन वर्षं पाण्यासाठी हट्ट करत होती. तिच्या वाट्याचं सुटलेलं सगळंच बँकेकडे जावं हे मला मान्य नव्हतं. मी ते आजही तसंच करीन, फेड चार महिने लांबली तरी. डॉक्टर, लसी, पुरेसं खाणं, आईबापांची झोप यांना आम्ही कधी कात्री लावली नाही. कात्री लावली ती मोठ्या प्रवासांना, चालत्या गाडीच्या जागी नवी गाडी घेण्याला, घराच्या सजावटीला. लहान मुलांना यातलं काहीच आठवत नाही.

त्यांना आठवतो तो घरातला आवाज. “आपल्याकडे पैसे नाहीत” हे वाक्य चार वर्षांच्या मुलाला फार मोठं ऐकू येतं. आज जेवण मिळेल का, हे घर राहील का, असं काहीही त्यातून त्याच्या मनात उभं राहू शकतं. आम्ही म्हणायचो, “हे या महिन्यात घ्यायचं ठरलेलं नाही.” हे खरंही होतं, आणि त्यात भीती नव्हती. पैशावरून आम्हा दोघांचे खटके उडायचे. त्यासाठी महिन्यातली एक रात्र ठरवली. मुलं झोपल्यावर कागद काढायचा, रकाने भरायचे, पुढच्या महिन्याचं ठरवायचं आणि कागद मिटायचा. एरवी कुणाच्याही खर्चावर टोमणा नाही. हा नियम पाळणं काटकसरीपेक्षा अवघड गेलं, पण आमचं घर टिकलं ते त्यामुळेच असं मी मानते.

घराच्या कर्जाबद्दलही विचारता. 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलेल्या कर्जात पहिल्या हप्त्यातले 100 पैकी 83 भाग व्याजात जातात, आणि निम्मं मुद्दल फिटायला साधारण 14 वर्षं लागतात. हे कळल्यावर पोटात गोळा येतो. पण याच रचनेमुळे सुरुवातीला टाकलेला जास्तीचा पैसा मोठं काम करतो. दर वर्षी एक हप्ता जास्तीचा भरला तर साडेतीन वर्षांच्या आसपास मुदत कमी होते. मात्र जास्तीची रक्कम मुदलात वळती झाली का, आणि हप्ता न घटवता मुदत घटवली का, हे लेखी घ्या. मुदतपूर्व फेडीला दंड आहे का तेही आधी विचारा. आम्ही हे कर्ज सर्वांत मागे ठेवलं, कारण व्याजाच्या देण्यांत त्याचा दर सर्वांत कमी होता.

ज्यांच्या घरात मिळकत मूळ गरजांनाच पुरत नाही, त्यांना सुटलेला पैसा पकडा म्हणून सांगणं निर्दयपणाचं होईल. त्यांना मी एवढंच म्हणेन, की हप्ता चुकण्याआधी कर्ज देणाऱ्याकडे जा. मुदत वाढवून मागा, हप्ता उतरवून मागा. आधी गेलेल्या माणसाशी बोलणं होतं, थकल्यावर नुसत्या नोटिसा येतात. आणि एक कर्ज फेडायला त्याहून चढ्या दराचं दुसरं घेऊ नका, मग देणारा कितीही गोड बोलू दे.

आमचं कार्ड फिटलं, दिरांचे पैसे फिटले. प्रत्येक वेळी देणं संपल्याचं लेखी पत्र घेतलं आणि खात्यातून आपोआप पैसे जाण्याची सूचना रद्द केली. घराचं कर्ज चालू आहे. धाकटा पूर्ण वेळ शाळेत जायला लागला की पाळणाघराची उरलेली रक्कम सुटेल, ती कुठे जाणार हे कागदावर आत्ताच लिहून ठेवलंय. निम्मी घराच्या मुदलात, निम्मी गंगाजळीत, आणि पहिल्या महिन्याची पूर्ण रक्कम त्याच्या सायकलीला.