स्थानकावरून टिपलेल्या ध्रुवीय प्रकाशाची उंची: मोजणीची प्रगती

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून काढलेल्या छायाचित्रांवरून ध्रुवीय प्रकाशाची (अरोराची) उंची मोजण्याचे काम आता आकडे मांडता येतील इतके पुढे सरकले आहे. स्थानक सुमारे ४२० किमी उंचीवरून फिरत असल्यामुळे हा प्रकाश तिथून आडवा, म्हणजे थर सुटे करून दाखवल्यासारखा दिसतो. नासाच्या खुल्या संग्रहातील सलग फ्रेम त्यासाठी पुरेशा आहेत.

मोजणीची खरी अडचण मोजपट्टीची होती. रात्री समुद्रावर क्षितिजाची कडा दिसतच नाही, त्यामुळे शून्य कुठे धरायचा हे ठरत नाही. त्यावर उपाय म्हणून वातावरणाच्या स्वयंप्रकाशाचा, सुमारे ९५ किमी उंचीवरचा पातळ हिरवा थर आधाररेषा मानला. अंशाला किती पिक्सेल हे ताऱ्यांवरून काढले. मृगातील बाणाचे तीन तारे चौकटीत असतील तर काम फारच सोपे होते, कारण त्यांच्या दोन टोकांमधील अंतर सुमारे पावणेतीन अंश आहे आणि स्थानकावरून १०० किमी उंचीचा थरही क्षितिजाच्या वर जवळजवळ तेवढाच, अडीच अंशांहून किंचित अधिक, दिसतो. मात्र रुंद भिंगात कडेचे तारे ताणले जात असल्याने तारे त्या थराच्या शक्य तितके जवळचेच घ्यावेत.

हिरव्या पट्ट्याची खालची कडा बहुतेक फ्रेममध्ये १०० किमीच्या आसपास येते आणि ती विलक्षण रेखीव असते. तांबडी झालर मात्र २०० किमीच्या वर पसरते व तिचे वरचे टोक कुठे संपते हे ठामपणे सांगता येत नाही. दोन्ही रंग ऑक्सिजनच्या अणूंचेच आहेत; वरून येणारे इलेक्ट्रॉन आदळून हे अणू उत्तेजित होतात. ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश बाहेर पडायला उत्तेजित अणूला एका सेकंदाहूनही कमी वेळ लागतो, तर ६३०.० नॅनोमीटरच्या तांबड्यासाठी जवळजवळ दोन मिनिटे लागतात. खालच्या दाट हवेत तेवढ्या अवधीत अणूची कुणाशी तरी टक्कर होऊन ऊर्जा निघून जाते, म्हणून तांबडा वरच्या विरळ हवेतच टिकतो. फ्रेम वेगाने चालवून पाहिल्या की हिरव्या शलाका क्षणोक्षणी बदलतात आणि तांबडा रंग मात्र सुस्तपणे मागे रेंगाळतो.

खालच्या कडेची उंची इलेक्ट्रॉनची ऊर्जा सांगते, आणि म्हणूनच ती मोजण्यात मला अधिक रस आहे: इलेक्ट्रॉन जितके जोरकस, तितके ते खोलवर शिरतात. सूर्यावरून आलेले कण थेट ध्रुवांवर कोसळतात, ही समजूत अजून बऱ्याच लेखांत आढळते. प्रत्यक्षात सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत, पृथ्वीचे चुंबकावरण (तिच्या चुंबकीय क्षेत्राचे कवच) रात्रीच्या बाजूला शेपटीसारखे ताणतो, तिथे चुंबकीय बलरेषा तुटून नव्याने जोडल्या जातात, मोकळी झालेली ऊर्जा पृथ्वीकडे वळते आणि इलेक्ट्रॉनना शेवटचा मोठा वेग जमिनीपासून काही हजार किमी उंचीवर मिळतो. नासाच्या थेमिस मोहिमेच्या २००७ साली सोडलेल्या पाच उपग्रहांनी फेब्रुवारी २००८ मध्ये हा क्रम टिपला. ती पुनर्जोडणी चंद्राच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांशावर झाली आणि प्रकाश त्यानंतर भडकला.

एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. स्वयंप्रकाशाचा थर सगळीकडे असल्यामुळे त्याची कडा दृष्टिरेषेच्या स्पर्शबिंदूवरच दिसते, पण ध्रुवीय प्रकाशाचा पडदा त्या बिंदूच्या अलीकडे किंवा पलीकडे असू शकतो आणि दोन्ही वेळा तो खऱ्या उंचीपेक्षा खालीच भासतो. त्यामुळे माझे आकडे किमान उंचीचे समजावेत. यापुढे पडदा नेमका स्पर्शबिंदूपाशी असलेल्या फ्रेम निवडणार आहे. स्थानकाची कक्षा उत्तरेला किंवा दक्षिणेला ५१.६ अंश अक्षांशाच्या पलीकडे जात नाही. पण दक्षिणेचा भूचुंबकीय ध्रुव ऑस्ट्रेलियाच्या बाजूला कललेला असल्याने तिकडच्या समुद्रावरून जाताना त्या ध्रुवाभोवतीचे प्रकाशाचे कडे बरेच जवळ येते, आणि खालच्या शहरांच्या दिव्यांचा त्रासही नसतो.